टँकर कशामुळे येतो? हिवरे बाजारच्या पाणलोटाचा हिशेब

अहिल्यानगर शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवरचं, पाणी अडवून दुष्काळातून सावरलेलं हिवरे बाजार महाराष्ट्रात कुणाला नवं नाही. अभ्यास दौऱ्यांच्या गाड्या तिथे सतत येत असतात. सरपंच, ग्रामसेवक, कृषी महाविद्यालयाची पोरं आणि परदेशी पाहुणे, सगळे येऊन जातात. त्यामुळे गावाची यशोगाथा पुन्हा उगाळण्यात मला रस नाही. प्रश्न वेगळा आहे. दुष्काळ ही नैसर्गिक आपत्ती धरली, तर तिचा धोका या गावाने नेमका कोणत्या कामाने कमी केला? डोंगरावरच्या चरांनी, की ग्रामसभेत दरवर्षी मांडल्या जाणाऱ्या एका कागदाने? माझं उत्तर कागदाच्या बाजूला झुकतं. पण चर नसते तर कागदावर मांडायला काही उरलंच नसतं, म्हणून सुरुवात चरांपासून.

गावाचं शिवार सुमारे 975 हेक्टरचं. तीन बाजूंनी डोंगर आणि मधे गाव. पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास, आणि अवर्षणप्रवण पट्ट्यातली सरासरी कशी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. एखाद्या साली निम्माच पडतो. कधी दोन रात्रींत बदाबदा कोसळून जातो आणि मग पुढचे चाळीस दिवस आभाळ कोरडं. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटत गेली. पोटासाठी डोंगर तोडले गेले, उतार बोडके झाले, पडलेला पाऊस माती घेऊन थेट ओढ्याला लागू लागला. दिवाळीनंतर विहिरी तळ गाठायच्या. माणसं नगर, पुणे, मुंबईला कामाला जायची आणि मागे राहिलेल्यांत दारूभट्ट्या चालायच्या. सरकारी नोकराची इथे बदली झाली की ती शिक्षाच समजली जायची. 1995 च्या पाहणीत गावातल्या 180 कुटुंबांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती.

गरिबी आणि दुष्काळ इथे वेगळे काढता येत नाहीत. एका वर्षी पीक बुडालं की जनावर विकायचं, पुढच्या वर्षी नांगरटीला बैल नाही म्हणून जमीन वाट्याने द्यायची, तिसऱ्या वर्षी कुटुंबच उठायचं. पाऊस सगळ्यांवर सारखाच कमी पडतो, पण ज्याच्याकडे चार पैसे शिल्लक आहेत त्याचं ते वाईट साल असतं आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचं गाव सुटतं.

1989 मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं. एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे, गावातले एकमेव पदव्युत्तर. त्यांनी सुरुवात पाण्यापासून केली नाही, शाळेपासून केली, आणि हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या खोल्या वर्षभरात उभ्या राहताना दिसतात. डोंगरावर खणलेल्या चराचं फळ विहिरीत दिसायला दोन-तीन पावसाळे जातात. एवढा काळ थांबायची गावाची तयारी हवी, तर आधी काहीतरी डोळ्यांपुढे घडलेलं असावं लागतं.

शेजारच्या पारनेर तालुक्यात अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी होतंच. त्या अनुभवावर राज्याने आदर्श गाव योजना आणली आणि 1994 च्या सुमारास हिवरे बाजार तीत आलं. योजनेची अट म्हणजे पंचसूत्री: नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पैसा मुख्यतः रोजगार हमी योजनेचा (रोहयो) आणि आदर्श गाव योजनेचा. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावरचा पाऊस उतरून एकाच ओढ्याला येतो ते सगळं क्षेत्र. त्याच्या कामाचा खर्च सुमारे 42 लाख रुपये, म्हणजे हेक्टरी चार हजारांच्या घरात. आजच्या मानाने ही रक्कम किरकोळ वाटते. पण मजुरी गावातच राहिली, आणि दुष्काळात गाव सोडणाऱ्या माणसाला गावातच हजेरी लागली, हा त्या पैशाचा पहिला उपयोग.

माथ्यावर काय केलं

पाणलोटाच्या कामात "माथा ते पायथा" हा शब्दप्रयोग सगळे करतात, पाळतात थोडेच. बंधारा ओढ्यात बांधला की लगेच फोटो मिळतो, म्हणून काम पायथ्यापासून सुरू होतं आणि पहिल्या दोन पावसात तो बंधारा वरून आलेल्या गाळाने भरून जातो. हिवरे बाजारने वरून सुरुवात केली. डोंगरउतारावर सुमारे 40 हजार समतल चर खणले.

चर म्हणजे काय ते ज्यांनी खणले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ए-फ्रेमने (इंग्रजी ए अक्षरासारख्या, ओळंबा लावलेल्या चौकटीने) किंवा पाण्याच्या नळीने उतारावर एकाच उंचीचे बिंदू शोधायचे, फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) रेघ मारायची आणि त्या रेघेवर मुरूम फोडत जायचं. रोहयोच्या कामांवर नेहमीचं माप 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल. निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी घालायची, तिच्यावर झाडं नाहीतर गवताचं बी. सगळी मेख समतल असण्यात आहे. रेघ चार बोटं जरी कलली तरी पाणी चरात उभं न राहता एका टोकाला धावतं, तिथला बांध फोडतं आणि उतारावर नवी घळ पाडतं. म्हणजे काम न केलेलं बरं. रेघ नीट असेल तर या मापाच्या चरात मीटरभर लांबीत एका भरणीला 180 लिटर पाणी थांबतं आणि पुढच्या सरीपर्यंत मुरून जातं. एका पावसाळ्यात अशा किती भरण्या होतात, त्यावर खालच्या विहिरीचं नशीब.

चरांच्या खाली दगडी बांध, नाला बांध, मातीचे बंधारे, पाझर तलाव अशी उतरंड. त्यात नवं तंत्र काहीच नाही. ही कामं राज्यभर झाली आहेत. फरक देखभालीत आहे. चराईबंदीमुळे चरांच्या कडा जनावरांनी तुडवल्या नाहीत, कुऱ्हाडबंदीमुळे लावलेली झाडं जगली. गवत मात्र विळ्याने कापून न्यायला मोकळीक होती, अगदी नाममात्र शुल्कावर. 2000 साली डोंगरावरून 100 टन गवत मिळालं होतं, 2004 मध्ये ते 6,000 टनांवर गेलं. त्याच गवतावर दुधाचा धंदा उभा राहिला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावातून दिवसाला दीडशे लिटर दूध जायचं, पुढे ते चार हजार लिटरच्या घरात पोचलं. विहिरी 97 होत्या, त्या 217 झाल्या. बाहेर गेलेली कुटुंबं परतली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची संख्या 168 वरून तीनवर आली.

दौऱ्यावर येणाऱ्यांची गोष्ट बहुधा इथेच संपते. माझ्या मते मुख्य प्रकरण इथून पुढे आहे, कारण विहिरी दुपटीने वाढल्या ही बातमी आनंदाची जितकी, तितकीच काळजीचीही आहे. प्रत्येक विहिरीवर मोटर बसते.

तीन एकर उसाचं गणित

पाटीवर मांडावं तसं सरळ गणित करू. 975 हेक्टरवर 400 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 390 कोटी लिटर पाणी. गावाची लोकसंख्या तेराशे धरू, माणशी रोज 55 लिटर. वर्षाला लागतात 2.6 कोटी लिटर. जनावरांचं पाणी धरून ही गरज दुप्पट केली, तरी पडलेल्या पावसाच्या दीड टक्क्याच्या आत.

आता वाईट साल घेऊ. पाऊस निम्मा. त्यातले बारा टक्के जमिनीत मुरले असं मानू, कारण आपल्या काळ्या पाषाणात याहून फार अपेक्षा धरू नये. तरीही भूजलात 23 कोटी लिटरची भर पडते, म्हणजे माणसं आणि जनावरं मिळून लागणाऱ्या पाण्याच्या चौपटीहून जास्त. मग निम्म्या पावसाच्या सालीही पिण्याच्या पाण्याचा टँकर यायला नको. पण येतो. नगर, बीड, जालना, धाराशिव, सगळीकडे येतो.

का, ते उसाकडे बघितलं की कळतं. पाटाने पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर पाणी जातं. गावाच्या पिण्याच्या आणि घरवापराच्या सबंध वर्षाच्या पाण्याइतकं पाणी तीन एकर ऊस पिऊन टाकतो. वाईट सालची सगळी 23 कोटींची भर उपसायला पंचवीस-तीस एकर ऊस पुरे. गावात ज्याची विहीर सगळ्यात खोल आणि मोटर सगळ्यात मोठी, तो हे एकटा करू शकतो, आणि त्याने कुठलाही कायदा मोडलेला नसतो.

जुनी माणसं म्हणतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं, आता धान्य आहे पण पाणी नाही. यात स्मरणरंजन थोडंफार असेलही, पण गोष्ट खरी आहे. तेव्हा मोटेने उपसा व्हायचा. बैल दमला की उपसा थांबायचा. पुढे वीज आली, पाणबुडी पंप आले आणि बोअरची गाडी दारात उभी राहू लागली. दख्खनच्या कातळात पाणी वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि त्याखालच्या भेगांत असतं. वरचा थर दर पावसाळ्यात भरतो. खालच्या भेगांतलं पाणी फार सावकाश साठतं आणि दोनशे-तीनशे फूट बोअर गेली की तेच आधी उपसलं जातं. मग शेजारच्या साध्या विहिरी कोरड्या पडतात. डोंगरावर चर खणून जिरवलेलं पाणी अशा रीतीने सगळ्या गावाचं न राहता बोअरवाल्याचं होतं. सगळ्यांनी मिळून एका रांजणात पाणी ओतायचं आणि एकाने तळाला भोक पाडून आपली घागर भरायची, तसाच हा प्रकार.

हिवरे बाजारने इथे हात घातला. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाहीत. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. तिन्ही नियम ग्रामसभेचे. हा तिसरा नियम पाण्याशी संबंध नसलेला वाटेल, पण तो नसता तर पहिले दोन टिकले नसते. शहराजवळच्या, पाणी आलेल्या गावात जमिनीचे भाव चढतात. बाहेरून आलेला जमीनदार ग्रामसभेला बसत नाही आणि गावाची भीडही बाळगत नाही.

ताळेबंद

2000 नंतरच्या दशकात जिल्ह्याच्या भूजल यंत्रणेच्या मदतीने गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पद्धत कुणालाही कळेल अशी आहे. गावात पर्जन्यमापकं आहेत, निरीक्षणासाठी ठरवलेल्या विहिरी आहेत. पावसाळा सरला की पावसाचा आकडा आणि विहिरींतली पातळी ग्रामसभेपुढे येते. जमा बाजूला यंदा मिळालेलं पाणी. खर्चाच्या बाजूला आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी, ते कुठल्याही परिस्थितीत बाजूला काढायचं. उरलेल्यापैकी साधारण 70 टक्के शेतीला, बाकी 30 टक्के जमिनीतच राहू द्यायचं, पुढच्या सालासाठी. शेतीच्या वाट्यात किती रब्बी बसते ते मग काढायचं. पाऊस बरा असेल तर कांदा, भाजीपाला. कमी असेल तर ज्वारी, हरभरा, आणि तेही बेताने. फारच कमी असेल तर उन्हाळी पिकाचं नाव काढायचं नाही.

आपत्तीच्या भाषेत सांगायचं तर याला पूर्वसूचना म्हणता येईल. सरकारी यंत्रणेत वर्षानुवर्षं दुष्काळ जाहीर व्हायचा पैसेवारी (पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज) लागल्यावर, म्हणजे पीक हातचं गेल्यावर, आणि टँकरचा प्रस्ताव तहसीलला जातो विहीर आटल्यावर. हिवरे बाजारमध्ये निर्णय रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर होतो, विहिरीत अजून पाणी असताना. तेव्हा शेतकऱ्याचं बियाणं घरात असतं, कर्ज अजून मातीत गेलेलं नसतं. पेरणी न करण्याचा तोटा आणि पेरलेलं करपण्याचा तोटा यात किती अंतर असतं ते शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

2012-13 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात शेकडो टँकर धावत होते, चारा छावण्या उघडल्या होत्या. 2015-16 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. या दोन्ही दुष्काळांत हिवरे बाजारने आपल्या विहिरींवर भागवलं. पाऊस त्यांनाही कमीच पडला होता, रब्बी त्यांचीही आकसली. पण गाव हललं नाही आणि गोठे रिकामे झाले नाहीत.

किंमत कुणी मोजली

चराईबंदी हा पाणलोटाचा कणा आहे हे मान्य. तरी तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला विहिरीत पाणी मिळतं. भूमिहीनाकडे असतात चार शेळ्या, आणि त्या डोंगरावर चरतात. डोंगर बंद झाला की त्याला शेळ्या विकून संकरित गाय घ्या म्हणणं सोपं आहे, पण गाईला भांडवल लागतं, गोठा लागतो, डॉक्टर लागतो. हिवरे बाजारमध्ये कामाची मजुरी आणि कापून नेण्याचं गवत यांनी ही खोट बरीचशी भरून काढली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाच्या वेळी हाच पेच धनगरांच्या मेंढरांवरून उभा राहिला होता. तिथे सगळं क्षेत्र एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तडजोड निघाली. जिथे ही वाटाघाट होत नाही, तिथे रात्री डोंगरावर शेळ्या चढतात आणि चरांच्या कडा ढासळतात. चूक शेळीवाल्याची म्हणून मोकळं होता येत नाही.

दुसरी खटकणारी बाजू म्हणजे गावाच्या नियमांचा पसारा. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्यापर्यंत हे गाव गेलं. पाण्याच्या शिस्तीचं कौतुक करताना ही सगळी शिस्त जशीच्या तशी उचलावी असं मला वाटत नाही. कुणाची मोटर किती तास चालावी हा सगळ्यांचा प्रश्न आहे, कारण पाणी एकच आहे. माणसाच्या शरीराबाबतचे निर्णय त्या रांगेत बसत नाहीत.

इतरांना का जमत नाही

भूगोल हे पहिलं कारण आणि त्याची चर्चा कमी होते. तीन बाजूंनी डोंगर असल्यामुळे गावाची हद्द आणि पाणलोटाची हद्द जवळजवळ एकच आहे. इथे जिरवलेलं पाणी इथल्याच विहिरीत उतरतं. पठारावरच्या गावात असं होत नाही. तिथे वरच्या गावाने चर खणायचे आणि खालच्या गावाने मोटर लावायची. अशा ठिकाणी एका ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, चार-पाच गावांनी मिळून बसावं लागतं, आणि तसं व्यासपीठ आपल्या पंचायत व्यवस्थेत जवळपास नाहीच.

नेतृत्वाचा मुद्दा नेहमी निघतो. एकच माणूस तीन दशकं गावाचा कारभार बघतोय, त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, मंत्रालयात त्यांचा शब्द चालतो. हे सगळ्या गावांना कुठून मिळणार? आक्षेप रास्त आहे. जानेवारी 2021 मध्ये तीस वर्षांत पहिल्यांदा इथे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पोपटरावांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. पण बिनविरोधची परंपरा मोडली ही गोष्ट मला वाईट वाटत नाही. नियमांना विरोध करणाऱ्याला उघड उभं राहता येतं आणि तरीही नियम टिकतात, ही परीक्षा कधीतरी व्हायचीच होती.

राज्य पातळीवरचा अनुभव मात्र फारसा सुखाचा नाही. जलयुक्त शिवार अभियानात 2019 पर्यंत साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. ओढे रुंद केले, खोल केले, जेसीबीचे तास मोजले गेले. 2020 च्या अहवालात कॅगने (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) ठपका ठेवला की भूजल पातळी वाढवण्यावर याचा फारसा परिणाम झाला नाही, आणि पाणी आलं तिथे नगदी पिकं वाढली. कॅगला धक्का बसला असेल, पाणलोटात काम करणाऱ्यांना नाही. पाणी अडवण्याला अनुदान आहे, ठेकेदार आहे, उद्घाटन आहे. उपसा कमी करण्याला यातलं काहीच नाही. भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, आणि बोअरच्या गाड्या रोज त्याच्या दुप्पट खोल जातात. तालुक्याच्या कचेरीतून कुणाच्या शेतातली बोअर थांबवणं शक्यही नाही. ते थांबवू शकतो तो बांधाला बांध असलेला शेजारी, आणि त्याला तेवढा अधिकार ग्रामसभाच देऊ शकते.

केंद्राच्या अटल भूजल योजनेने निवडलेल्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडणं सक्तीचं केलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले तक्ते दिसतात: आवक इतकी, गरज इतकी, तूट इतकी. आकडे नीट असतात. अशा गावात गेलात तर तक्त्यापाशी न थांबता रब्बी कांद्याच्या वाफ्यात जा. तक्त्यावर तूट दिसते म्हणून यंदा कुणी एकरभर कांदा कमी लावला का, आणि लावला असेल तर ते कुठल्या ग्रामसभेत ठरलं, एवढं विचारा.